घडी न मोडता

ड्युनेडिन, ९ जुलै १९९३

प्रिय टलक सर,

नमस्कार. तुमची कंबर आता बरी असेल. इथे थंडी अशी पडली आहे की शीतकक्षात गेलं की उबदार वाटतं. आपल्या प्रयोगशाळेत फ्लोरा चहाच्या सुट्टीत अजून चीज रोल भाजते आणि तुमच्या खुर्चीवर कुणाला बसू देत नाही.

तुम्ही पाठवलेला कागद पोचला. 'टिपेनेच्या हातून जिवाणू फुटले, म्हणून लेख मागे घेत आहोत', आणि खाली माझ्या सहीची जागा. सही मी करणार नाही.

जिवाणू नवं प्रथिन पेशीच्या पापुद्र्यापलीकडे धाडतो ते उलगडून, सुईत दोरा ओवावा तसं. घडी पडली की वाट बंद, हे तुम्हीच शिकवलंत. माझं प्रथिन मात्र आतच घडी घालतं, पोटात लोखंड बसवून घेतं आणि तसंच पलीकडे जातं. बाहेरच्या कप्प्यातलं पाणी त्या लोखंडाने तांबूस निघालं, ते तुम्ही स्वतः उजेडात धरून पाहिलंत. "पोरी, पेशी फोडल्यास तू, दुसरं काय," म्हणालात.

आता इतके दिवस टाळलं ते सांगते. पेशी फुटल्या का, हे पाहायची चाचणी असते. जे प्रथिन कधीच आतून हलत नाही, ते बाहेरच्या पाण्यात शोधायचं. सापडलं तर फुटल्या. पाणी पहिल्यांदा तांबूस निघालं त्या शुक्रवारी मी ती केलीच नाही. वहीत मात्र 'केली, काही सापडलं नाही' असं लिहिलं. बाहेर सगळे ती तांबूस नळी पाहून टाळ्या वाजवत होते, मला घाई झाली होती. तुम्ही अंदाजाने बोललात, पण नेमकं वर्मावर लागलं. मला लाज वाटते.

मे महिन्यात ती चाचणी केली. तीनदा. तिसऱ्यांदा नळ्या फ्लोराच्या हाती दिल्या, कोणती कुठली ते न सांगता. आतलं प्रथिन आतच राहिलं होतं आणि पाणी तरीही तांबूस होतं.

"हे संपादकांना कळवलंस तर नोकरी जाईल गं," फ्लोरा म्हणाली.

"जाऊ दे. खोटं मी लिहिलं, मी निस्तरीन. जिवाणूने काय घोडं मारलंय?"

संपादकांना माझी चूक आणि नवे आकडे दोन्ही आज टपालाने धाडले. तुमचा कागद परत पाठवते आहे, सहीची जागा मोकळी ठेवून. सोबत तांबूस पाण्याची बंद नळी आहे. पुन्हा एकदा उजेडात धरा.

तुमच्याच हाताखाली शिकले. सही इथे करते.

मारामा टिपेने