करंगळीचं नख

व्हर्साय, ३ जानेवारी १६८४
महाराजांचे हातमोजे धरण्याची जागा रिकामी झाली. ती माझीच. या दरबारातल्या टोणग्यांपैकी हातमोजा कसा धरावा हे कोणाला ठाऊक आहे? गावी बायकोला कळवून टाकलं, जागा मिळाल्याशिवाय तोंड दाखवणार नाही.

९ जानेवारी
इथे दार ठोठावणं गावंढळपणाचं. डाव्या करंगळीच्या नखाने हलकेच खरवडायचं. आजपासून नख वाढवतो. त्या जागेवर टपलेला ब्रेझोल नखं कुरतडतो. म्हणजे निकाल लागल्यातच जमा.

३ फेब्रुवारी
नख झकास. नोकर ब्लेज कुरकुरतो, मालक, तुमची बटणंही आता मीच लावायची का? अडाणी. मादाम द सॉर्बिये यांच्या गुरुवारच्या बैठकीत नख सगळ्यांना दाखवलं. मादाम म्हणाल्या, असं आम्ही जन्मात पाहिलं नाही. बाकीच्या बायकांनी पंख्याआड तोंडं लपवली. दिपल्या बिचाऱ्या.

८ मार्च, बुधवार, दुपारी दीड
सचिवसाहेब आज अर्ज घेणार. दालनाच्या डाव्या दारापुढे ब्रेझोलसकट सगळी मेंढरं. माझ्यासारख्याला गर्दीच्या दाराने बोलावतात होय? उजवीकडे तसंच सोनेरी दार, पुढे चिटपाखरू नाही. तिथे उभा राहिलो.

तीन वाजता
खरवडतोय. आतून उत्तर नाही. माझ्याबद्दलच खल चालला असणार.

चार वाजता
एक पहारेकरी मला बघून गेला. मग आणखी दोघांना घेऊन आला. मान वाढतोय. ब्रेझोल डाव्या दाराने आत गेला आणि चार मिनिटांत बाहेर. हाकलला असेल.

साडेपाच
नख तुटलं.

९ मार्च
जागा ब्रेझोलला. काल शेवटी म्हातारा पहारेकरी जवळ येऊन म्हणाला, साहेब, या दारामागे भिंत आहे. डावीकडे दार आहे म्हणून उजवीकडे जोडीला नुसतं शोभेचं लावलंय. मी विचारलं, मग चार तास गप्प का होतास? म्हणाला, मोठ्या माणसाला मध्येच टोकायची इथे रीत नाही.
दरबार नासला आहे. मीच ती जागा नाकारली, असं घरी सांगणार.

२१ मार्च, गावी
घरी पोचलो. सवयीने दार खरवडलं. अर्धा तास कोणी येईना. शेवटी ब्लेजने मूठ आपटली. बायकोने दार उघडलं. म्हणाली, अगं बाई, तुम्ही होय. मला वाटलं कुत्रं आलंय.