गंधकाच्या आमराईची निरवानिरव

मी, नागोजी भरमू शिंत्रे, वय त्रेसष्ट, धंदा पेन्शन खाणे, पूर्वी शेतकी खात्यात फळझाडांच्या रोगांचा तपासनीस, राहणार निपाणी, तालुका चिकोडी, जिल्हा बेळगाव, पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून आणि कोणाच्याही दडपणाला बळी न पडता हे लिहून ठेवतो. दडपण आणायला माझी पत्नी जयाबाई सकाळपासून दारात उभी आहे, पण ते फक्त जेवायला उठण्याबद्दलचे आहे. प्रकृती ठणठणीत आहे. मात्र वरून ठणठणीत दिसणारी झाडे आतून पोखरलेली मी पुष्कळ पाहिली, म्हणून आजच लिहितो.

१. राहते घर आणि पोस्टातली शिल्लक जयाबाईची. तिच्या लोणच्याच्या बरण्यांत मी आयुष्यभर खैऱ्या रोगाची लिंबे, कुजके पेरू आणि काळ्या पडलेल्या कैऱ्या ठेवल्या. त्या सर्व बरण्याही तिला परत देत आहे. धुवून घ्याव्यात. पाहुण्यांसमोर ती मला "ह्यांना नासकं फळ दाखवा, मग बघा कशी कळी खुलते," असे म्हणत असे. ते खरे आहे.

२. सूक्ष्मदर्शक यंत्र गावच्या शाळेला. अट एवढीच की ते कपाटात कुलूप लावून ठेवायचे नाही आणि मुलांनी हात लावला म्हणून कोणाला मारायचे नाही. काच फुटली तर फुटली.

३. आंब्याचा मोहोर धुक्याने जळतो, असे जन्मभर छापून आणणाऱ्या माझ्या एका सहकाऱ्याला मी माझी छत्री देतो. धुक्यात उपयोगी पडेल.

४. आता मुख्य गोष्ट. ओढ्याकाठची आमराई मी माझ्या पगारातून जागा घेऊन लावली, ती वडिलार्जित नाही. ती मी माझी एकुलती एक मुलगी अक्काताई हिला देतो. ती इथेच, निपाणीत, दिलेली आहे. मुलगा नाही म्हणून आमराई पुतण्यांना द्यावी, असा गावाचा सल्ला आहे. गावाने माझा सल्ला कधी ऐकला नाही, तेव्हा फिटंफाट.

कारण नीट सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी त्या झाडांच्या मोहोरावर भुरी आली. ही पिठासारखी पांढरी बुरशी असते. ती पडली की मोहोर काळा पडून गळतो. तिच्यावर गंधकाची पूड धुरळावी लागते, तीही पहाटे दव असताना, म्हणजे चिकटून राहते. तसे मी केले आणि घरी येऊन चहा घेत बसलो. उजाडल्यावर बायका ओढ्यावर धुणे घेऊन आल्या, तर सगळी आमराई पिवळीधमक. त्यांनी तो भंडारा, म्हणजे देवीची हळद, मानला. दुपारपर्यंत बुंध्यांशी नारळांचा ढीग लागला आणि यल्लम्माने ही झाडे मागून घेतली, असे गावाने ठरवून टाकले. मी घसा फोडून सांगितले की हे गंधक आहे, हवे तर वास घ्या. माझा धाकटा भाऊ सुबराव पुढे झाला, त्याने वास घेतला, डोळे मिटून हात जोडले आणि म्हणाला, "आण्णा, द्येवीचा भंडारा हाय ह्यो. वासाचं काय घिऊन बसलास?"

त्या वर्षी फांद्या मोडतील इतका आंबा आला, पण देवीचा आंबा एकही व्यापारी घेईना. आम्ही खाल्ला, वाटला, जयाबाईने इतक्या आंबापोळ्या घातल्या की शेजारी आम्हाला पाहून रस्ता बदलू लागले. सुबरावने त्या झाडांचा आंबा आजवर तोंडात घातलेला नाही. पण त्या झाडांना कोणी कुऱ्हाडही लावली नाही, हा त्यातला फायदा.

शास्त्र सांगत फिरणे हे माझे काम होते. मी यंत्र मांडून दारावर येईल त्याला बुरशी दाखवत राहिलो. साऱ्या गावात माझे म्हणणे पटले ते दोघांना, सुबरावच्या रवळू आणि मष्णू या मुलांना. झाडे देवीची नाहीत हे कळताच दोघांनी ओळखले की त्या मातीत तंबाखू झकास येईल. असे शिष्य वैऱ्यालाही मिळू नयेत. पोरे हुशार आहेत, माझी लाडकी आहेत आणि माझ्यामागे एका पावसाळ्यात ती आमराई आडवी करतील, याची मला भीती वाटते. खाते माझे नाव विसरले तर विसरो. ती झाडे उभी राहावीत, एवढीच इच्छा आहे. अक्काताईला छाटणी येते, धुरळणी येते आणि नाही म्हणता येते.

५. पुरवणी. साक्षीदार म्हणून मी मुद्दाम सुबरावला बोलावले. त्याची सही असली म्हणजे पुढे हे मृत्युपत्र खोटे आहे असे त्याच्या घरून कोणी म्हणू नये, हा माझा डाव. त्याने सगळे ऐकून घेतले, छत्रीला पोट धरून हसला आणि टाक खाली ठेवला.

"मी सही करत न्हाय."

"का? पोरीला दिलेलं खुपतंय?"

"तसं न्हवं. तू गेल्यावर दिऊन काय उपेग? माझी पोरं कोर्टात जातील. पोरगी तारखा मारत बसंल, तवर झाडं आडवी. मी बाप हाय त्यांचा, मला ठावं हाय. आत्ताच दे तिला. उद्याच्या उद्या रजिस्टर कर. आपुन दोघं जित्तं हाय, तवर कोण हात लावतंय बघू."

"पोरं तुझ्यावर चिडली तर?"

"चिडूंदेत. तू हिंडत हुतास फिरतीवर. त्या रोपास्नी कावडीनं पाणी मी घातलंय, त्यांनी न्हाय."

जयाबाईने पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि प्रथमच जेवणाचे नाव काढले नाही.

सबब वरील चौथे कलम रद्द समजावे. उद्या सोमवारी चिकोडीला जाऊन आमराईचे बक्षीसपत्र अक्काताईच्या नावे नोंदवायचे आहे. सुबराव सोबत येतो आहे. उद्यापासून माझ्या मरणाची वाट पाहायला कोणालाही सबळ कारण उरत नाही, आणि मला आमराईत शिरायला मुलीची परवानगी लागेल. मी फार खुशीत आहे.

मुक्काम निपाणी, रविवार, ता. ९ मार्च १९४७

सही : नागोजी भरमू शिंत्रे

साक्षीदार :

आण्णाप्पा बसवंत खोत, शेजारी. माझ्यासमोर सही झाली.

सुबराव भरमू शिंत्रे, भाऊ. सही क्येली. पोरास्नी घरी जाऊन मीच सांगतो.