भीमतालच्या आठवड्याची मालकीण

अहो,

नाव घेऊन हाक मारायची सवय कधी नव्हती, ती आता कुठून आणू? आज लिहायला बसले, कारण तुमच्या त्या भीमतालच्या टाइमशेअरच्या आठवड्याला भाडेकरू मिळाले, आणि ऐकून खूश होणारं घरात कुणी नाही.

तुम्ही गेल्यापासून सगळ्यांचं एकच, तिथल्या खोलीचा दरवर्षीचा आठवडा रिसॉर्टला परत करून टाक. आपला मंदार म्हणतो, "आई, छोड़ो ना यार! दरवर्षी मेंटेनन्स भरायचा आणि जायचं कुणी?" भाऊजींनी तर हातच जोडले. "वहिनी, यंदा तो आठवडा पितृपक्षात येतोय. दादाचा पहिला पितृपक्ष, आणि तुम्ही त्याची खोली भाड्याने देणार?"

त्याची खोली! कागदांवर माझंही नाव आहे, हे कुणाच्या लक्षातच नाही. मीही सांगून टाकलं, यंदा भाडेकरू मिळवले तर आठवडा माझा, पुन्हा विषय काढायचा नाही. नाही मिळाले तर म्हणाल तिथे सही करीन. बोलून बसले खरी!

चूक मुळात तुमची. मॉलमधल्या टाइमशेअरवाल्यांच्या फुकटच्या जेवणाला भुललात आणि सप्टेंबर स्वस्तात मिळाला म्हणून पेढे घेऊन घरी आलात. मला विचारलंत? पाऊस गळ्यात, शिवाय दर दोन-तीन वर्षांनी पितृपक्षही गळ्यात!

इथल्या गाझियाबादच्या महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहिरात टाकली. अंगठे भरपूर आले, माणूस एक नाही. मग एका एजंटचा फोन. "मॅडम, ज़रा सर से बात करवाइए."

"सर नहीं रहे. मालकिन मैं हूँ, मुझसे बोलिए."

तर म्हणाला, "श्राद्ध में तो फ्री में भी कोई नहीं जाएगा." फोन ठेवला आणि रडले. दुःखाने नाही, रागाने. तुमच्यावरच्यासुद्धा.

शेवटी त्याच ग्रुपवरून कळून चार मुली घरी आल्या. बीड-सांगलीकडच्या, इकडे राहून यूपीएससीची मुख्य परीक्षा नुकतीच दिलेल्या, चेहरे पार उतरलेले. पितृपक्षाचं आधीच सांगितलं, तर एक म्हणाली, "काकू, आम्ही गेल्या दिवाळीलाही घरी गेलो नाही. आम्हाला फक्त झोपायचंय." पैसे लगेच पाठवले. मंदारला तिथल्या तिथे फोन लावला!

जाताना तिनेच विचारलं, "तिथलं तुम्हाला काय आवडतं?"

अहो, मला आठवलं ते फक्त तिथलं किचन. इतक्या वेळा गेलो, दरवेळी तुमची भावंडं, त्यांची मुलं, आणि मी त्या इवल्याशा किचनमध्ये पोळ्या लाटतेय. तुम्ही गॅलरीतून हाक मारायचात, "अगं, तळं बघ किती सुंदर दिसतंय!" आत येऊन लाटणं हातातून घेतलं असतंत तर बघितलं नसतं का? तुमचा जीव होता माझ्यावर, ठाऊक आहे मला. तुमची आठवण आली नाही असा एक दिवस जात नाही. पण ते तळं मी बघितलेलं नाही.

श्राद्ध गाझियाबादच्या घरी रीतसर होईल. भाऊजींना तसं सांगितलंय. बाकी कुणाला काय म्हणायचं ते म्हणू दे.

आणि तुम्हाला वचन देते, पुढच्या वर्षी आठवडा भाड्याने द्यायचा नाही. मी जाणार. एकटी, गोतावळा न घेता. तुम्हाला यायचं असेल तर जरूर या, गॅलरीत शेजारी खुर्ची टाकून ठेवीन. पण जेवण रिसॉर्टचं असेल, आणि आवडलं नाही तरी मी उठणार नाही.

तुमचीच,
नलिनी