गांडुळे घरपोच मिळतील

सालेकसा
१४ जुलै २०१६

आदरणीय रत्नपालदादा,

सप्रेम जयभीम. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला गेला का? दोघांनीही रोज चालायला जावे. (सबबी चालणार नाहीत.) मी बरी होते, परवा सकाळी दहापर्यंत.

निवृत्तीनंतर मी इथे मोलमजुरी करणाऱ्या बाया-माणसांचा वर्ग घेते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. सकाळी गांडूळखत, दुपारी मोबाइल. एकोणीस जण, बहुतेकांची शाळा चौथीतच सुटलेली. मालाचा स्वच्छ फोटो काढावा, भाव लिहावा, व्हॉट्सॲपच्या गटावर टाकावा आणि गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवू नये, हे मी त्यांच्याकडून घोकून घेतले. परवा खताच्या टाक्यात हात घातला, तर शेण आणि पालापाचोळा. गांडूळ एकही नाही! मी मटकन खाली बसले (शेणातच, नव्या साडीसकट). चोरी म्हणावी, तर गांडुळे चोरणार कोण? तेवढ्यात शकुंतलाबाईंनी, माझ्या सर्वांत हुशार विद्यार्थिनीने, अभिमानाने मोबाइल पुढे केला. "गरीसाठी लाल, वळवळणारी गांडुळे. पुडी दहा रुपये. घरपोच मिळतील." फोटो अगदी स्वच्छ होता. पाऊस लागला, मासे धानाच्या बांध्यांत चढले, अर्धा तालुका गळाची गरी घेऊन बसला आणि चार दिवसांत आमचे टाके रिकामे.

माझा आवाज रेल्वे फाटकापर्यंत गेला असावा. शकुंतलाबाई शांत. "काऊन रागावून राहिल्या मॅडम? खत व्हाले दोन महिने लागते. गांडुळं तं आजच जाऊन राहिले." मागून वर्गातलाच दुलीचंद म्हणाला, "आन एकही गिऱ्हाईक ताटकळलं नाही, मॅडम."

सोमवारी गोंदियाहून तपासणीचे साहेब येत आहेत. टाक्यात जिवंत गांडुळे दिसली तर वर्ग चालू राहील, नाहीतर कुलूप. मग हे एकोणीस जण पुन्हा दुसऱ्याच्या बांधीत मजुरीला. यापुढे मला विचारल्याशिवाय काहीही विकायचे नाही, अशी सक्त ताकीद मी दिली आहे.

तुमची बहीण,
सुमन

ता. क. तुमच्या देवरीच्या टाक्यातली पाच किलो गांडुळे रविवारच्या बसने पाठवा. डब्याला भोके पाडा. आत काय आहे, ते कंडक्टरला सांगू नका.

ता. क. सहा किलो पाठवा. आत्ताच साहेबांचा फोन आला होता, तपासणीसाठी नव्हे, वीस पुड्यांसाठी. मी होकार दिला. (पंधराच्या भावाने.)