निदान: वाइंडिंग

सोमवार, ४. सकाळी.
रोजनिशी सुरू. ही कुणी वाचायची नाही. पण एकतीस वर्षं मोटारी भरल्या, तो अनुभव कुठेतरी उतरवून ठेवायलाच हवा. नंतर लोक हळहळतात.

मुद्दा असा. माझं मोटार वाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटारींत तांब्याची तार नव्यानं भरून द्यायचं दुकान शेजारच्या बॅटरीवाल्याला हवंय. मी द्यायला तयार आहे. साठी उलटली, एका डोळ्यात मोतीबिंदू. लेक म्हणते देऊ नका, मी चालवते. दोन वर्षांपूर्वी आमचा कारागीर काम सोडून गेला, तेव्हापासून ती दुकानात बसते. फोन घेते, आलेल्या मोटारींना चिठ्ठ्या बांधते. मोटारीला हात लावायचा नाही, अशी माझी सक्त ताकीद आहे. मोटारीला नाक लागतं. मी वास घेऊन सांगतो वाइंडिंग जळलंय म्हणून. आजवर एकदाही चुकलेलो नाही.

काल ती एक खोकं घेऊन आली. रिमोटवर उडणारं विमान, नवशिक्यांसाठी, सुटे भाग जोडायचे. म्हणाली, कुणाची मदत न घेता रविवारपर्यंत उडवून दाखवा, मग खुशाल द्या दुकान. नाही उडालं तर चावी माझी. मी हसून हो म्हटलं. पोरीनं आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला.

सोमवार, दुपारी १२.
विमान जोडलं. सूचनांचं पुस्तक उपयोगी आहे, त्यावर चहाचा कप ठेवला. रिमोट सुरू केला, बॅटरी जोडली. मोटार ढिम्म. नुसतं टीं टीं टीं. वास घेतला. तेच.

लेकीनं सवयीनं विमानालाही चिठ्ठी बांधलीय. आमच्या चिठ्ठीची पुढची बाजू मालकाची, तिथे तक्रार आणि निदान. मागे, ज्यानं काम केलं त्यानं काय केलं ते लिहायचं. हा नियम माझाच. कारागीर गेल्यापासून मी मागची बाजू बघत नाही. ज्यानं निदान केलं त्यानं मागचं कशाला वाचायचं?

पुढे लिहिलं. तक्रार: चालत नाही. निदान: वाइंडिंग.

वाइंडिंगच्या तारेला लावतात त्या वार्निशचे दोन थेंब मोटारीवर सोडले. सुकायला ठेवली. दुकानातही माझी हीच पद्धत. सकाळी वास, मग वार्निश, मग घरी जेवण आणि झोप. पाचला परत जावं तर मोटार सुरू.

सोमवार, ५ वाजता.
उठलो. रिमोटची दांडी वर ढकलली. मोटार गरगरली, टेबलावरची वीजबिलं उडाली. वार्निश ते वार्निश.

मंगळवार, ५.
मोटार फिरते पण विमान मागे जातं. वारा पुढे, विमान मागे. जेवणाच्या टेबलावरून सरकत सरकत पाण्याच्या तांब्याला धडकलं. हिनं विचारलं, लाजतंय का ते? बायकोच्या असल्या बोलण्याकडे लक्ष द्यायचं नाही, असं आज ठरवलं.

दुकानात एखादी मोटार उलटी फिरली तर तिच्या तीनपैकी दोन वायरी अदलाबदल करतो, संपलं काम. पण ती पिठाच्या गिरणीची मोटार. हे विमान आहे. इथे खोल विचार लागतो. निदान: कारखान्यातच वाइंडिंग उलटं भरलंय. वार्निश. झोप.

पाचला विमान सरळ पुढे गेलं आणि हिचा शिवणाचा डबा पाडला. लेकीची बोटं काळी दिसली. एवढी शाई कशी लागते म्हणून विचारलं. म्हणाली, चिठ्ठ्या फार झाल्यात, बाबा.

बुधवार, ६.
दांडी ओढली की विमानाचं नाक वर जायला हवं. शेपटीची फळी उलटीच हलते. डावं सांगावं तर उजवं. घरातल्या माणसांत राहून त्यालाही वळण लागलं. निदान: वाइंडिंग, छोटं. ही म्हणाली, शेपटीला कुठलं आलंय वाइंडिंग? शेपूट हलवायला आत बोटभर मोटारी असतात, हे तिला कोण सांगणार. मीच सांगितलं. ती म्हणाली, पडलो तरी नाक वर. मी म्हटलं, विमानाचं तसंच असावं लागतं.

वार्निश. आज झोप जरा लांबली. उठलो तर डावं डावीकडे, उजवं उजवीकडे.

गुरुवार, ७.
बॅटरीवाला घरी आला. रविवारी मैदानावर या, चावी तिथेच देतो, असं त्याला सांगितलं. संध्याकाळी तो दुकानात टेप लावून भिंती मोजत होता. लेक नुसती बघत होती. मग आत जाऊन पाना पुसत बसली. आधीच स्वच्छ होता. मला वाईट वाटलं, लपवत नाही. पण पैज म्हणजे पैज.

शुक्रवार, ८.
गच्चीवर चाचणी. अर्ध्या मिनिटात मोटार बंद. बॅटरी काल संध्याकाळपासून चार्जरला लावलेली होती, तेव्हा बॅटरीचा प्रश्नच येत नाही. निदान: वाइंडिंग तापतंय. आणि नेमकं वार्निश संपलं. काय करणार, नुसत्या झोपेवर भागवलं.

पाचला मोटार सलग सहा मिनिटं पळाली. वार्निशशिवाय. म्हणजे इतकी वर्षं गुण वार्निशचा नव्हताच, हाताचा होता. मला शंका होतीच.

शनिवार, ९.
आज काहीच बिघडलं नाही. चैन पडेना. लेकीला जवळ बसवून समजावलं. मोटारीचं काम शिकून येत नाही, ते अंगात असावं लागतं, मनाला लावून घेऊ नकोस. ती म्हणाली, हो बाबा. गुणी पोर आहे.

रविवार, १०. दुपारी.
उडालं. शाळेमागच्या मैदानावर चार फेऱ्या मारल्या आणि बॅटरीवाल्याच्या स्कूटरवर उतरलं. तो म्हणतो आदळलं. उतरलं.

पैज जिंकलो. चावी काढली. पण आमच्याकडे काम झालं की आधी चिठ्ठी सोडवायची, ती तारेत ओवायची, मग माल हवाली करायचा. पद्धत म्हणजे पद्धत. लेकीची गाठ सुटेना. उजेडात धरायला चिठ्ठी उलटी केली.

सोम. सुरू करताना दांडी तळाशी लागते, ती वर होती. वाइंडिंग ठीक. वार्निश पुसलं.
मंगळ. दोन वायरी अदलाबदल. वाइंडिंग ठीक. वार्निश पुसलं.
बुध. रिमोटवरची दिशेची बटणं उलट केली. वाइंडिंग ठीक. वार्निश पुसलं.
शुक्र. चार्जरचं बटण बंद होतं. आज वार्निश नव्हतं, बरं झालं.

चावी परत खिशात टाकली. बॅटरीवाल्याला म्हटलं, जरा थांबा, दुकानाचा एकदा वास घ्यायचाय.

रविवार, संध्याकाळी.
दुकानात बसलोय. दोन वर्षांच्या चिठ्ठ्या तारेतून काढल्या. पुढे प्रत्येकीवर माझं अक्षर, वाइंडिंग. मागे प्रत्येकीवर तिचं. कपॅसिटर बदलला. बेअरिंग जाम, ग्रीस भरलं. प्लगमधली वायर तुटली होती. वाइंडिंग ठीक. वाइंडिंग ठीक. वाइंडिंग ठीक. पिठाच्या गिरणीवाला माझ्या हाताला गुण आहे म्हणून गावभर सांगतो, त्याच्या मोटारीची चिठ्ठीही तशीच.

लाज वाटली. हे कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो.

एका चिठ्ठीमागे मात्र वेगळं होतं. वाइंडिंग खरंच जळलं होतं. नव्यानं भरलं. बाबांचं निदान बरोबर. त्याखाली दोन रेघा ओढलेल्या. ही चिठ्ठी वाचताना मोतीबिंदूनं फार त्रास दिला.

घरी जाऊन लेकीला विचारलं, विमान दुरुस्त करून स्वतःची पैज का घालवलीस? नुसतं राहू द्यायचं होतं तसंच. म्हणाली, बिघडलेली मोटार समोर ठेवून गप्प कसं बसायचं?

सोमवार, ११.
पैजेची अट होती, मदत घ्यायची नाही. अटीप्रमाणे मी हरलो. बॅटरीवाल्याला नाही म्हणून कळवलं. अर्थात लेकीला दुकान द्यावं असं माझ्या मनात पहिल्यापासून होतं, फक्त परीक्षा बघत होतो. हे हिला सांगितलं. ही बराच वेळ हसली.

तोंडानं द्यायला जमेना. चावीला चिठ्ठी बांधली आणि तिच्या टेबलावर ठेवून घरी जेवायला आलो. पुढे लिहिलं होतं. तक्रार: मालक कुणाचं ऐकत नाही. निदान: वाइंडिंग.

पाचला गेलो. चावी तिच्या कमरेला. चिठ्ठी तारेत. उलटी करून पाहिली.

वाइंडिंग ठीक. दुपारची झोप चालू ठेवावी.