अंधाराची मोजणी

२ फेब्रुवारी २००६, हट्टा
पोचलो एकदाचा! प्रयोगशाळा म्हणजे शिवारातल्या दोन खोल्या; पण एसी आहे, म्हणून आल्या आल्या मी गावात मोठा माणूस झालो. राखणदार संपतराव आणि त्यांच्या भागाबाई शेजारीच हळद शिजवतात. अंगण पिवळंधमक. भागाबाईंनी चहा पाजून सगळी माहिती काढून घेतली. बायको सत्यशीला पहिलटकरीण, नरसीला माहेरी आहे, हेही सांगून झालं. महिनाभराचे आकडे पाठवले की नोकरी पक्की आणि आम्ही तिघं पुण्याला.

५ फेब्रुवारी
काम सोपं आणि कंटाळवाणं. काचेच्या तारेतून लांबवर टिकणारा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, यंत्रालाही नीट मोजता येत नाही. म्हणून नखाएवढ्या स्फटिकात त्याचा रंग बदलायचा. प्रकाशाचा अदृश्य कण आत, तांबडा बाहेर. एकाला एक, जुना उरत नाही. कण आला की यंत्र टक् करतं. पुढेमागे अशा एकेका कणावरून कुणाला चोरून वाचता न येणारे निरोप जातील म्हणे. रोज सकाळी आधी झाकण लावून अंधार मोजायचा. अंधारातही मिनिटाला बाराएक टक् उगाच होतात, ते वजा करायचे. माझ्याआधीच्या अंगदच्या वहीत हा आकडा शेवटी नऊशेवर गेलाय आणि अक्षरं बोराएवढी झालीत. झोपेत लिहीत असावा.

१३ फेब्रुवारी
अंधार: चाळीस. जोडण्या तपासून पाठ मोडली. सकाळी भागाबाई कुंकवाशिवाय दिसल्या. वाटलं, नवऱ्याला काही झालं की काय. पण संपतराव मागेच विडी ओढत बसले होते. मी विचारलं तशा बाई रागावल्या. कपाळाला बोट लावून माझ्यापुढे धरलं. मला लाल काहीच दिसलं नाही.

१९ फेब्रुवारी
तीनशे. तार काढून ठेवली तरी तीनशे. संपतराव म्हणाले, "तुमी भाईर गेले की हे गप बसून राहतंय, साहेब. अंगद सायबाच्या टायमालाबी असंच व्हतं." अंगद आता हिंगोलीत भावाकडे असतो, काठीनं वाट चाचपत चालतो. मी हिंगोलीलाच जाऊन डोळे दाखवून आलो. डॉक्टर म्हणाले, ठणठणीत आहेत. अकरा दिवसांचे आकडे राहिलेत. फार थकलोय.

२२ फेब्रुवारी
मुलगी झाली! आकडे संपवून मगच जाईन.

२५ फेब्रुवारी
वाळत घातलेली हळद मला राखेसारखी दिसली. पिवळाही गेला. बाहेरून काही येत नाही — माझंच जातंय. एकाला एक. भीती वाटते. पोरीचं तोंड एकदा पाहू दे, बाकी काही नको.

१ मार्च
आकडे गेले खड्ड्यात. निघालो होतो. एस.टी.ची पाटी वाचता येईना — स्टँडवरून परत आलो. रडलो. संपतरावांना म्हटलं, नरसीला फोन करा, मेहुण्याला न्यायला बोलवा.

४ मार्च
सगळं करडं. ओळीवर ओळ जात असेल. यंत्राची वायर माझ्या हातात आहे, उपटलेली. तरी नऊशे —

६ मार्च
मेहुणा नाही, सत्यशीला आली. सव्वा महिना न होता, पोरीला घेऊन. संपतरावांनीच बोलावलं. म्हणाले, "बापानं लेकराचं तोंड काहून पाहू न्हाई?" ती अंगणात पाय धुतेय. पोर आत माझ्या मांडीवर, रडतेय. मऊ. तोंड दिसत नाही —
यंत्र गप्प झालं. कितीतरी दिवसांनी. माझ्यात काही उरलं नाही म्हणून असेल. हायसं वाटलं
टक्.
मिनिटाला बारा. पोर रडायची थांबली. मान यंत्राकडे —
चाळीस
हिला बाहेर न्यायला हवं, दार — दार कुठल्या बाजू