रानातल्या खोलीची व्यवस्था

मी, खाली सही करणारा, धंद्याने दातांचा डॉक्टर, आता निवृत्त, वय पंच्याहत्तरीच्या पुढे, हे सर्व पूर्ण शुद्धीत, समजून-उमजून आणि स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट घरातले सगळे "आत्ताच काय घाई आहे" म्हणत असताना मी हा कागद पुढे ओढला आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला हृदयाच्या डॉक्टरांनी दिला आहे. हृदयाबद्दल तसा दाखला द्यायला ते तयार नाहीत. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखे काही नाही.

कलम पहिले. तळमजल्यावरचा दवाखाना, त्यातली यंत्रे, हत्यारे आणि बाहेरच्या खोलीतली बाके माझ्या मुलाची. तो गेली काही वर्षे दवाखाना चालवतोच आहे, आणि माझ्यापेक्षा हळुवार हाताने चालवतो. पायाने वरखाली होणारी जुनी खुर्ची त्याने भंगारात देऊ नये, एवढी विनंती. त्या खुर्चीत बसलेल्या माणसांना मी उमेदीच्या सगळ्या वर्षांत सत्य, कर्तव्य आणि आत्मा या विषयांवर बरेच काही ऐकवले. तोंडात कापसाचे बोळे असल्यामुळे कोणी हरकत घेतली नाही. माझी बायको म्हणायची, "त्या बिचाऱ्यांचं तोंड तुम्ही उघडता आणि बोलता मात्र तुम्हीच."

कलम दुसरे. वरच्या मजल्यावरचे राहते घर मुलगा आणि सूनबाई यांचे, समसमान. कागदोपत्री सूनबाईचे नाव आधी यावे, कारण या घरात कोणती वस्तू कुठे आहे हे फक्त तिला माहीत असते. रस्त्याकडच्या खिडकीची खोली माझ्या ताईला ती असेपर्यंत राहील. तिला रेडिओचा आवाज कमी करायला कोणी सांगू नये. मी सांगून पाहिले आहे. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही सूनबाईनेच करावी.

कलम तिसरे. बँकेत जे काही असेल ते ताईचे औषधपाणी आणि नातीचे शिक्षण यांसाठी. नातीने काय शिकावे यात कोणी नाक खुपसू नये. ती दातांकडे वळली तर मात्र तिला एकदा शेजारी बसवून विचारावे की बाई गं, खरंच का.

कलम चौथे. नदीच्या वळणावरची रानातली खोली. ती मी का घेतली हे सांगितल्याशिवाय तिची व्यवस्था सांगता येणार नाही, म्हणून हे कलम लांबणार.

माझी बायको पाळणाघर चालवायची. आईबापांना उशीर झाला की मुले आमच्याच घरात जेवायची, झोपायची. माझी आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिचे सगळे हिनेच केले, आणि आईची बोलणी खाऊन केले. नंतर ही स्वतः आजारी पडली. एकदा दुपारी इस्पितळात, भाजीचा भाव विचारावा तशा साध्या आवाजात तिने मला विचारले, "एवढं नीट वागले मी. काय उपयोग झाला, सांगा बरं."

मी तिचे पांघरूण सारखे केले. थोड्याच दिवसांत ती गेली.

तो प्रश्न माझ्या मानगुटीवर बसला. दवाखान्यात हात चालायचे, पण बोलणे बंद झाले होते. शेवटी मी एका मधमाश्या पाळणाऱ्याकडून रानातली ही खोली विकत घेतली. पत्र्याचे छप्पर, एक खिडकी, एक चूल आणि भिंतींना मेणाचा वास. पुस्तकांची खोकी बांधली तेव्हा मुलगा दारात उभा राहिला.

"बाबा, एकांत वगैरे नावं देऊ नका. हे पळून जाणं आहे."

"पळणारा माणूस एवढी पुस्तकं घेऊन पळत नाही," मी म्हणालो.

ताई आतून म्हणाली, "जाऊ दे रे त्याला. भूक लागली की येईल परत."

मी परत आलो नाही. म्हणजे येऊन-जाऊन राहिलो, पण मुक्काम तिकडचा. रानात शांतता मिळेल अशी माझी समजूत होती. पहिले काही महिने माझ्या डोक्यात बाजारपेठेपेक्षा जास्त गलका होता. वारलेल्या आईशी भांडणे, पूर्वीच्या घरमालकाशी भांडणे, आणि सगळ्यांत मीच जिंकलेलो. एकांतात पहिला भेटतो तो आपण स्वतः, आणि तो काही फार बरा पाहुणा नसतो. त्याला चहा द्यावा आणि त्याच्या बडबडीकडे लक्ष देऊ नये, एवढेच करता येते.

मग हळूहळू तो गप्प झाला. मी पुस्तके मिटून बाहेर बसू लागलो. समोरच्या फांदीवर एक खंड्या यायचा. पाण्यात सूर मारायचा, मासा हुकायचा, पुन्हा त्याच फांदीवर येऊन बसायचा. याला म्हणतात समत्व, असे मी ठरवले. पुष्कळ दिवसांनी ध्यानात आले की त्या पाखराला भूक लागलेली आहे, बाकी काही नाही. निसर्ग आपल्याला काही शिकवायला बसलेला नाही, हे मला तिथे शिकायला मिळाले. त्यानंतर मी नुसता पाहायला लागलो. एका सकाळी धुके नदीवरून उठत होते आणि पाहणारा कोणी वेगळा उरला नाही. ते किती वेळ चालले हे सांगता येणार नाही, कारण वेळ मोजणारा जागेवर नव्हता. याहून जास्त त्याबद्दल लिहू नये असे मला वाटते. पण चूल पेटवायला उठलो, तेव्हा बायकोचा प्रश्न होता तिथेच होता.

कलम पाचवे. जुना हिशेब. माझे मित्र प्राध्यापक, ज्यांनी जन्मभर तत्त्वज्ञान शिकवले, मी निघालो तेव्हा म्हणाले होते, "एकांतात नीती नसते. नीतीला दुसरा माणूस लागतो." मला राग आला होता. दुसरा माणूस मात्र तिथे होता.

नदीपलीकडे एक लाकडे कापणारा एकटाच राहतो. आजूबाजूच्या वस्तीवर त्याला घुम्या म्हणतात, कारण तो बोलत नाही. मी गेलो त्याच वर्षी त्याने माझ्या खोलीजवळचे मोठे झाड पाडले. ते आतून पोकळ आहे, पडले तर छपरावर पडेल, असे त्याचे म्हणणे. झाडाला अजून पुष्कळ आयुष्य होते, असे माझे. आमचा अबोला झाला. दोन माणसांच्या शेजारात अबोला धरणे ही मोठी चैन आहे, पण आम्ही ती केली.

पुढे थंडीत त्याच्या करवतीचा आवाज बंद झाला. खिडकीतून तो दिसायचा, जबड्याला पंचा गुंडाळलेला. दुखणे काय आहे हे मला एवढ्या लांबूनही कळत होते. तो येईल म्हणून मी वाट पाहिली. चूक त्याची, तेव्हा आधी त्याने यावे, असा माझा मुद्दा होता. त्या वेळी माझ्या टेबलावर परोपकारावरची दोन जाडजूड पुस्तके उघडी होती. एकात जावे असे होते, दुसऱ्यात न बोलावता जाऊ नये असे. मी दोन्ही मिटली, बरोबर आणलेली थोडी हत्यारे उकळली आणि काठाला बांधलेली माझी होडी सोडली.

"काय पाहिजे?" तो दारातूनच म्हणाला.

"तोंड उघड."

"झाड पोकळच होतं."

"ते नंतर बघू. आधी तोंड उघड."

लाकडे फोडायच्या ओंडक्यावर त्याला उन्हाकडे तोंड करून बसवले. दाढ दोन तुकड्यांत निघाली. त्याने हूं की चूं केले नाही. अर्ध्यावर माझ्या लक्षात आले की दाढेला हात घातल्यापासून मीही एक अक्षर बोललेलो नाही, आणि उपयोग काय हा प्रश्नही मनात नाही. तेव्हा फक्त दाढ होती आणि त्याचा माझ्या मनगटावर टेकलेला हात होता. झाडाचा वाद अजून मिटलेला नाही. कोणी मिटवूही नये. आमचे बोलणे त्याच्यावर चालते.

मग वस्तीवरची माणसे गाल धरून येऊ लागली. सकाळ माझी, दुपारनंतर येईल त्याची, असे मी ठरवले. सामान कमी पडले म्हणून मुलाला निरोप धाडला. तो इंजेक्शने घेऊन आला आणि बाही सरसावून माझ्या शेजारी उभा राहिला. संध्याकाळी आम्ही दोघे नदीवर हत्यारे धूत होतो. तेव्हा पहिल्यांदा मी त्याला त्याच्या आईचा प्रश्न सांगितला.

तो म्हणाला, "मलाही विचारलं होतं तिने."

"मग तू काय म्हणालास?"

"म्हटलं, आई, उपयोगाचं मला कळत नाही. पण लहानपणी शाळेतून घरी यायला मी कधी घाबरलो नाही."

"आणि ती?"

"हसली. म्हणाली, पुष्कळ झालं. वर म्हणाली, बाबांना सांगू नकोस. त्यांचं त्यांना सापडल्याशिवाय खरं वाटत नाही."

मी पाण्यात पाय सोडून बसून राहिलो. मुलाला वाटले मी रागावलो. तो म्हणाला, "बाबा, मी तेव्हाच सांगायला हवं होतं का?" मी म्हणालो, "नाही रे. इस्पितळाच्या जिन्यावर सांगितलं असतंस तर मी त्यात दोन चुका काढल्या असत्या." आम्ही दोघे हसलो आणि मग दोघांनीही तोंडावर पाणी मारले.

म्हणून ती खोली मुलगा आणि सूनबाई यांची, पण या अटींवर. ती विकू नये. तिला कुलूप लावू नये. ज्याला एकटे राहायचे असेल त्याने राहावे, सरपण स्वतः गोळा करावे, आणि सुरुवातीला पुस्तके खोक्यातच ठेवावीत. शेजारी आजारी असेल तर एकांत रद्द समजावा. प्राध्यापक तिथे ध्यानकेंद्र काढा आणि माझ्या नावाची पाटी लावा म्हणतील. त्यांचे ऐकू नये.

कलम सहावे. माझी सर्व पुस्तके मात्र प्राध्यापकांना. निम्मी त्यांच्याकडेच आहेत आणि शाईने रेघा मारून खराब झाली आहेत, तेव्हा उरलेली तरी सुटी कशाला राहावीत. दुसऱ्या माणसाबद्दल ते बरोबर होते. हे त्यांना मी गेल्यावरच कळावे.

कलम सातवे. माझे अंत्यविधी साधे, दिवसाउजेडी आणि भाषणाशिवाय करावेत. ताईला रडावेसे वाटले तर रडू द्यावे. गप्प कर म्हणू नये.

कलम आठवे. होडी, आणि नदीपलीकडे मी नंतर घेतलेली जमिनीची पट्टी घुम्याला, असे मी लिहिले होते. ते आता खोडले आहे. कारण नोंदवतो.

आज त्याला मुद्दाम शहरात बोलावले. दवाखान्याच्या बाकावर टोपी गुडघ्यावर ठेवून तो बसला. मी हे कलम वाचून दाखवले. त्याने सगळे ऐकून घेतले आणि साक्षीला आलेल्या हृदयाच्या डॉक्टरांना विचारले, "साक्षीदाराला यातलं काही मिळतं का?"

"नाही," ते म्हणाले. "साक्षीदाराने या कागदातून काही घ्यायचं नसतं."

"मग मी साक्षीदार होतो."

मी म्हणालो, "अरे, साक्षीदार दुसरा मिळेल. तू होडी घे."

"मेलेल्या माणसाची होडी मला नको," तो म्हणाला. "नदीला पाणी आहे तोवर तुम्हीच चालवा."

पट्टी खोलीबरोबर मुलगा आणि सूनबाई यांच्याकडे जावी. होडीचे काय करायचे ते मी ठरवलेले नाही. येत्या आठवड्यात रानात जाऊन तिला डांबर लावायचे आहे. हृदयाच्या डॉक्टरांनी हे वाक्य वाचले, कपाळावर हात मारला, पण सही करतो म्हणाले.

ताई वरून जेवायला हाका मारते आहे. घुम्या थांबतो म्हणाला.

वरील मजकूर मी लिहिला, वाचला, आणि दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही केली. सही कोणाला वाचता येत नाही, ही तक्रार जुनी आहे.

(सही) लिहून ठेवणार

साक्षीदार पहिला: (सही) हृदयाचे डॉक्टर. लिहून ठेवणाऱ्याला शुद्धीत पाहिले. प्रवासास माझी संमती नाही.

साक्षीदार दुसरा: (सही) लाकडे कापणारा. मी बरोबर जात आहे.

स्थळ: दवाखान्याची बाहेरची खोली.
दिनांक: थंडी सरत आली असतानाचा सोमवार, दवाखान्याच्या सुट्टीचा दिवस, दुपार.